रस्ता कुणाच्या मालकीचा? बसची मार्गिका हा समतेचा प्रश्न आहे

पुण्यातल्या नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका २०२३ नंतर टप्प्याटप्प्याने उखडून टाकण्यात आली. थांबे पाडले, कठडे काढले आणि रस्ता मोकळा झाला असे सांगण्यात आले. कोंडी सुटेल, वेळ वाचेल, इंधन वाचेल असे हिशेबही मांडले गेले. त्या हिशेबात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तो आम्ही विचारतो आहोत. रस्ता मोकळा झाला तो कुणासाठी?

येरवड्याच्या वस्तीतून खराडीच्या आयटी पार्कात साफसफाईच्या पाळीला जाणारी बाई, वाघोलीहून शहरातल्या कॉलेजात येणारा शिष्यवृत्तीवर शिकणारा पोरगा, ससूनला उपचारासाठी निघालेले म्हातारे जोडपे, ही सगळी माणसे बसमध्ये आहेत. मार्गिका होती तेव्हा त्यांची बस निदान काही अंतर तरी कोंडीला बगल देऊन पुढे निघायची. आता ती चारचाकींच्या रांगेत मागे उभी असते. म्हणजे रस्ता मोकळा झाला हे खरे नाही. रस्त्याचा जो एक पट्टा बसमधल्या माणसाच्या वाट्याला आला होता, तो काढून चारचाकीवाल्याला दिला, एवढेच घडले. याला वाहतूक सुधारणा म्हणत नाहीत, हिसकावणे म्हणतात.

चळवळीतल्या अनेक मित्रांना हा विषय आपला वाटत नाही. "अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, कंत्राटीकरणाने आरक्षण पोखरले आहे, आणि तुम्ही बसच्या रस्त्याचे काय घेऊन बसलात? ते ट्रॅफिकवाल्यांचे काम आहे," असे ते म्हणतात. हा लेख त्यांच्यासाठीच आहे. बससाठी राखीव मार्गिका म्हणजे रंगाचा पट्टा आणि चार कठडे नव्हेत. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या मालमत्तेवर कुणाचा किती हक्क, हा तो प्रश्न आहे. आणि या देशात हा प्रश्न जीव पणाला लावून कुणी लढवला असेल, तर तो आपल्या बापजाद्यांनी.

रस्ता कधीच तटस्थ नव्हता

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने रस्त्यावर निघायचे तर गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून. थुंकी जमिनीवर पडू नये आणि पावलांचे ठसे पुसले जावेत म्हणून. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याची नोंद केली आहे. ज्या शहरात आज बसला रस्ता द्यायचा की नाही यावर वाद होतो, तेच हे शहर.

त्रावणकोर संस्थानात १८९३ साली अय्यंकाली बैलगाडी जुंपून सार्वजनिक रस्त्यावरून निघाले. त्या रस्त्यावरून दलितांना साधे चालायची मुभा नव्हती, गाडीत बसून जाणे तर दूरच. ती गाडी म्हणजे अख्खा सत्याग्रह होता. १९२४-२५ चा वायकोमचा सत्याग्रहही आधी मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी होता, गाभाऱ्यासाठी नव्हे. आणि १९२९ साली चाळीसगावला बॅरिस्टर असलेल्या, परदेशातल्या पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना स्टेशनवरून वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या माणसांनी टांगा तेवढा मिळवला आणि टांगा हाकायची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. प्रवास ही आपल्यासाठी नुसती सोय कधीच नव्हती. कोण कशात बसून, कोणत्या रस्त्याने, किती मानाने जाणार, हे जातच ठरवत आली.

आज तशी मनाईची पाटी कुठे लावलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आजचा चारचाकीवाला आणि कालचा टांगेवाला एकच, असेही आम्ही म्हणत नाही. आजची वगळणूक मनाईने होत नाही, मांडणीने होते. रस्ता सगळ्यांना खुला आहे, पण त्याची आखणी अशी की ज्याच्याकडे गाडी तोच पुढे जाईल. कायद्याने उघडे आणि व्यवहाराने बंद, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

महाडचा धडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला धरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम झाले. पण तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरू शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा तो ठराव जिवंत झाला.

आता हेच रस्त्याला लावून पाहा. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. त्याचा गाभा असा की शहराच्या रस्त्याने वाहने नव्हे, माणसे वाहून न्यायची आहेत. म्हणून रस्त्यावरच्या जागेची वाटणीही माणसांकडे बघून करा. त्याच काळात जेएनएनयूआरएममधून शहरांना बीआरटीसाठी पैसे मिळू लागले. २००६ च्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला पथदर्शी मार्ग सुरू झाला. म्हणजे आपला ठराव मंजूर होऊन दोन दशके होत आली आहेत. तळे मात्र अजून बंदच आहे.

हडपसरच्या बाजूची मार्गिका नावापुरती उरली आणि मग नावही पुसले गेले. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी, सांगवी-किवळे आणि २०१६ मध्ये नगर रस्ता असे नवे मार्ग झाले. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत काही मार्ग अजून टिकून आहेत. पुण्याच्या हद्दीत मात्र गाडीवाल्यांची ओरड झाली की मार्गिकेवर कुऱ्हाड पडते. भोपाळमध्येही २०२४ मध्ये मार्गिका उखडायला सुरुवात झाली.

दिल्लीची कहाणी तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथला पहिला मार्ग २००८ मध्ये सुरू झाला तो आंबेडकर नगर ते मूलचंद असा, जेमतेम पावणेसहा किलोमीटरचा. एका टोकाला आंबेडकर नगर आणि दक्षिणपुरीच्या दाट वस्त्या, वाटेत दक्षिण दिल्लीतल्या श्रीमंतांच्या कॉलन्या. त्या कॉलन्यांतल्या गाड्या पहिल्यांदाच रांगेत थांबल्या आणि शेजारून कामगारांच्या बस पुढे निघाल्या. ते सहन होईना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. गाडीतून फिरणारे लोक संपत्ती निर्माण करतात, त्यांचा वेळ मोलाचा आहे, असा युक्तिवाद मार्गिकेच्या विरोधात करण्यात आला. बसमधला माणूस मग काय निर्माण करतो? त्याच श्रीमंतांची घरे बांधतो, त्यांची पोरे सांभाळतो, त्यांची गटारे उपसतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. म्हणजे कायद्याने आपण जिंकलो. पण २०१६ मध्ये सरकारनेच तो मार्ग उखडून टाकला. न्यायालयात जिंकलेली गोष्ट रस्त्यावर हरली, कारण रस्त्यावर तिच्या बाजूने संघटित माणसे उभी नव्हती. महाडचा धडा हाच आहे.

सिग्नलला मत गाडीला, माणसाला नाही

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मूल्य समान, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात तेच मूल्य नाकारले जाणार, हा विरोधाभास फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. हा विरोधाभास उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर सकाळी नऊ वाजता कोणत्याही चौकात जाऊन उभे राहा. साठ माणसांची बस आणि एका माणसाची गाडी एकाच रांगेत, एकाच सिग्नलला, एकाच वेळी थांबलेल्या असतात. तिथे मोजमाप माणसांचे होत नाही, वाहनांचे होते. ज्याने वाहन घेतले त्याला साठ माणसांइतके वजन मिळाले.

हिशेब अवघड नाही. साठ माणसे चारचाकीने न्यायची तर प्रत्येक गाडीत सरासरी दीड माणूस धरून चाळीस गाड्या लागतात. एक बस साधारण बारा मीटर लांब, म्हणजे तीन गाड्यांएवढी. चाळीस गाड्यांचे काम तीन गाड्यांच्या जागेत. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पट्ट्यातून खाजगी वाहनांनी तासाला साधारण सहाशे ते सोळाशे माणसे जातात. त्याच पट्ट्यातून दर मिनिटाला एक बस सोडली तर तासाला छत्तीसशे. कोलंबियातल्या बोगोटा शहराचे महापौर राहिलेले एन्रिके पेन्यालोसा हेच सांगत आले की लोकशाहीत सगळे नागरिक समान असतील, तर जास्त माणसे घेऊन जाणाऱ्या बसला त्या प्रमाणात जास्त रस्ता मिळाला पाहिजे. त्यांच्या काळात, २००० साली, तिथे ट्रान्समिलेनिओ सुरू झाली. ब्राझीलच्या कुरितिबाने तर १९७४ मध्येच बसला स्वतंत्र रस्ता दिला होता. आपल्याकडे २००९ पासून अहमदाबादेत जनमार्ग चालतो. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही.

दुसरा हिशेब आणखी महत्त्वाचा, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. समजा एका मार्गावर तीस बस आहेत आणि एका बसला जाऊन-येऊन दोन तास लागतात. मग थांब्यावर दर चार मिनिटांनी बस येईल. राखीव मार्गिकेमुळे तीच फेरी दीड तासात झाली, तर त्याच तीस बस दर तीन मिनिटांनी येतील. एकही नवी बस विकत न घेता, एकही चालक न वाढवता चारच्या जागी तीन मिनिटे. उलट बस कोंडीत अडकली की फेऱ्या घटतात, डिझेल जळते, पगाराचे तास तेवढेच राहतात आणि प्रत्येक फेरीचा खर्च वाढतो. मग तोटा झाला म्हणून भाडे वाढते. २०२५ मध्ये मे महिन्यात मुंबईच्या बेस्टने आणि जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीने किमान भाडे पाचवरून दहा रुपये केले. सरळ दुप्पट. या दरवाढीला इतरही कारणे आहेत, पण कोंडी करणाऱ्या गाडीचा भुर्दंड बसच्या तिकिटात येतो हे विसरू नका. कोंडी त्याने करायची आणि दंड आपण भरायचा.

नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप: बीआरटी फसली. आम्ही विचारतो, फसली की फसवली? पुण्याच्या पहिल्या मार्गावर मार्गिका सलग नव्हती, रस्ता ओलांडायची धड सोय नव्हती, बस पुरेशा नव्हत्या आणि मार्गिकेत घुसणाऱ्या दुचाक्या-चारचाक्यांना अडवणारे कुणी नव्हते. रस्त्याच्या मधोमध थांबा बांधायचा आणि तिथपर्यंत पोचायला माणसाला गाड्यांच्या लोंढ्यातून पळायला लावायचे, हा आराखड्याचा दोष आहे. विहिरीला गळती लागली तर विहीर बुजवत नाहीत, गळती बुजवतात. आणि फसलेल्या गोष्टी उखडायच्या हाच नियम असेल तर तो उड्डाणपुलांनाही लावा. पुण्यातल्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती, तो २०२० साली पाडावा लागला. तेव्हा 'उड्डाणपूल फसले, यापुढे बांधू नका' असा निष्कर्ष कुणी काढला का? तिथे आणखी मोठा, दुमजली पूल आला. गाडीवाल्याची योजना फसली तर दुप्पट पैसे, बसवाल्याची योजना फसली तर बुलडोझर. यालाच आम्ही वर्गाचे आणि जातीचे राजकारण म्हणतो.

दुसरा आक्षेप: आता मेट्रो आली, बसला मार्गिका कशाला? मेट्रोला आमचा विरोध नाही. पण पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा २०१६ मधला मंजूर खर्च सुमारे ११ हजार ४०० कोटी होता, आणि अंतर साधारण ३१ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींहून जास्त. बसची मार्गिका याच्या एका लहान हिश्श्यात होते. शिवाय मेट्रो वस्तीच्या तोंडाशी येत नाही. नगर रस्त्यावर आज ती रामवाडीला थांबते. पुढचा खराडी-वाघोलीचा माणूस बसनेच जाणार आहे आणि मेट्रोपर्यंत यायलाही त्याला बसच लागणार आहे. मेट्रोचा आग्रह एवढा का, हेही समजून घ्या. मेट्रो गाड्यांच्या डोक्यावरून किंवा पायाखालून जाते. तिच्यासाठी चारचाकीवाल्याला आपल्या जागेतला एक फूटही कायमचा सोडावा लागत नाही. बसची मार्गिका मात्र त्याच्या शेजारून, त्याच जमिनीवरून, त्याला दिसेल अशी पुढे निघते. खरी पोटदुखी ती आहे.

तिसरा आक्षेप: आपले रस्ते अरुंद आहेत. अरुंद रस्त्यावर तर बसचीच गरज जास्त, कारण थोड्या जागेत जास्त माणसे तीच नेते. घरात भाकरी कमी असली तर आधी सगळ्यांना चतकोर वाटतात, एकाच्या ताटात तीन वाढत नाहीत. त्याच अरुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांना जागा कशी पुरते? सार्वजनिक जमिनीवर झोपडी बांधली तर अतिक्रमण, चारचाकी उभी केली तर पार्किंग. दोन्ही जागा लोकांच्याच. फरक एवढाच की झोपडीत माणूस राहतो.

चौथा आक्षेप आपल्याच घरातून येतो: आपली पोरेही आता दुचाकीवर फिरतात. खरे आहे. पण ती हौसेने फिरतात की बस मिळत नाही म्हणून? हप्त्यावर घेतलेली गाडी, महिन्याचे पेट्रोल, वर जिवाची धास्ती. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे मेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. वेळेवर येणारी बस ही त्या पोरांच्या जिवाच्या रक्षणाचीही मागणी आहे. आणि चारचाकीचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरपैकी पाच कुटुंबांकडेही ती नव्हती. त्यानंतर संख्या वाढली, तरी ज्यांच्यासाठी रस्ता आखला जातो ते अल्पसंख्यच आहेत.

वस्ती लांब जाते आहे

हा प्रश्न आज तातडीचा का, ते नीट समजून घ्या. शहराच्या मध्यावरची वस्ती उठवली की पुनर्वसनाची घरे कडेला मिळतात. मुंबईत जलवाहिनीच्या कडेची कुटुंबे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी नेऊन टाकली. तिथल्या विषारी हवेवर लोकांना वर्षानुवर्षे न्यायालयात भांडावे लागले. घर लांब गेले, पण काम जागचे हलत नाही. झाडलोट, धुणीभांडी, सुरक्षारक्षकाची पाळी, बांधकामाचा नाका, सगळे शहराच्या पोटातच. या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे बस. कंत्राटी सफाई कामगार हजेरीच्या वेळेत पोचला नाही तर त्याचा खाडा लागतो. बस कोंडीत होती, हे कारण मुकादम ऐकत नाही. मुलीला क्लासहून परतायला रात्रीचे नऊ वाजू लागले की घरातून पहिला आवाज येतो, क्लास बंद कर. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश पाळायला मुलीला आधी वेळेवर बस लागते. आरक्षणाने कॉलेजात जागा मिळते, त्या जागेपर्यंत रोज पोचायचे कसे हे बस ठरवते.

मार्गिका हवी, पण आमच्या अटींवर

मार्गिकेच्या नावाखाली काहीही खपवून घेऊ नका, हेही आम्हाला सांगायचे आहे. 'बससाठी रस्ता रुंद करतो' म्हणून वस्तीवर नोटिसा येतील. त्याला ठाम नकार. मार्गिका आहे त्या रस्त्यातून, गाड्यांच्या जागेतून निघाली पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने संरक्षण दिलेल्या हातगाडीवाल्याला आणि पदपथाला धक्का लागता कामा नये. थांब्यावर जायला जमिनीवरूनच, सिग्नलसह, सुरक्षित वाट हवी. म्हातारी माणसे आणि अपंग पादचारी पुलाचे जिने चढू शकत नाहीत. थांबे मॉलपुढे नकोत, वस्तीच्या तोंडाशी हवेत. जिथे दिवसभर मार्गिका शक्य नाही तिथे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत तरी ती हवी, आणि घुसखोरांना कॅमेऱ्याने दंड व्हावा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाला ती अर्थातच खुली असेल.

आणि चालक-वाहक विसरू नका. मुंबईत बेस्टने आणि पुण्यात पीएमपीने मोठ्या प्रमाणात कंत्राटदारांच्या बस घेतल्या आहेत. बस त्याची, चालक त्याचा, पगारही तोच ठरवणार. कायम नोकरी गेली की आरक्षणही गेले. ज्या सार्वजनिक बससेवेने आपल्या एका पिढीला खाकी गणवेश, नियमित पगार आणि पोरांच्या शिक्षणाची ऐपत दिली, ती अशी आतून पोखरली जाते आहे. म्हणून आमची मागणी एकत्रच असेल: बसला मार्गिका, बसची संख्या वाढवा, चालक-वाहकांना कायम करा, भाडेवाढ मागे घ्या. यातले एक देऊन दुसरे काढून घ्यायचा डाव चालणार नाही.

काय करायचे

नुसती चर्चा नको. प्रत्येक वॉर्डातल्या शाखेने पुढच्या महिन्याभरात करण्यासारखी चार कामे सांगतो.

पहिले, मोजणी. पाच-सहा कार्यकर्त्यांनी आपल्या जवळच्या मोठ्या चौकात सकाळी एक तास उभे राहावे. किती बस गेल्या, त्यांत अंदाजे किती माणसे होती, किती चारचाकी गेल्या, त्यांत किती माणसे होती, एवढेच वहीत लिहायचे. हा आपला स्वतःचा पुरावा. तो कुणाला खोटा ठरवता येणार नाही.

दुसरे, माहिती अधिकाराचा अर्ज. गेल्या पाच वर्षांत महापालिकेने उड्डाणपूल आणि रस्ता रुंदीकरणावर किती खर्च केला, बससेवेला किती दिले, आपल्या वॉर्डातून जाणाऱ्या बसचा गर्दीच्या वेळेतला सरासरी वेग किती, आणि मार्गिका काढली असल्यास कोणत्या अहवालाच्या आधारे काढली, हे विचारा. अर्ज साध्या मराठीत लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या.

तिसरे, बसथांब्यावरची सभा. मंडप नको, माईक नको. संध्याकाळी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांशीच बोला. ती सगळी जयभीमवाली असतील असे नाही. मुसलमान असतील, ओबीसी असतील, गावाकडून आलेली मराठा पोरे असतील, घरकाम करणाऱ्या सगळ्या जातींच्या बाया असतील. बसथांबा ही शहरातली अशी जागा आहे जिथे वेगवेगळ्या जातींचे कष्टकरी एकाच गोष्टीची वाट पाहत शेजारी-शेजारी उभे असतात. चळवळीला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

चौथे, उमेदवाराला प्रश्न. महापालिकेच्या निवडणुकीत वस्तीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो आपल्या पक्षाचा असो वा परक्या, एकच विचारा: बसच्या मार्गिकेला तुझा पाठिंबा आहे की नाही? उत्तर लेखी घ्या. समाजमंदिराला फरशी बसवून देतो म्हणणाऱ्याला सांगा, फरशी राहू दे, आधी बसला रस्ता दे.

हे करताना कुणी म्हणेल, गाडीवाल्यांशी वैर कशाला? आम्हाला कुणाशी वैर नाही. उद्या आपल्यापैकी कुणी गाडी घेतली तर आनंदच आहे. पण गाडी घेण्याची ऐपत आली म्हणून इतर साठ जणांच्या रस्त्यावर हक्क मिळत नाही. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी दुसऱ्या कुणाचे पाणी मागितले नव्हते. जे सगळ्यांचे आहे त्यातला आपला ओंजळभर वाटा घेतला होता. रस्ताही सगळ्यांच्या करातून झाला आहे. आगपेटीवर कर भरणारी आजीही त्याची मालकीण आहे. तिच्या बसला त्यातला एक पट्टा द्या, एवढीच मागणी आहे. दिला नाही तर तो कसा मिळवायचा, ते आम्हाला महाडने शिकवले आहे.

जय भीम!